प्रीफिक्स: सॉफ्टवेअर बिल्ड करण्याआधी त्याचं घर ठरवा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. कमांड आणि डिरेक्टरींची नावं जशी उच्चारली तशीच देवनागरीत ठेवली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.)

 

मागच्या भागात आपण सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बिल्ड कसं करायचं ते बघितलं. टारबॉल उतरवायचा, उघडायचा, आणि मग ती प्रसिद्ध त्रिसूत्री: ./कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. त्यावर आलेल्या प्रश्नांचा सूर साधारण एकच होता. "सगळं नीट झालं, एरर नाही आला, पण प्रोग्रॅम गेला कुठे?" किंवा "नवीन व्हर्जन टाकलं, तरी जुनंच चालतंय." किंवा "आता हे काढून कसं टाकायचं?"

तीन वेगळे प्रश्न, पण मूळ एकच. बिल्ड करण्याआधी एक गोष्ट ठरवायची असते, ती आपण ठरवत नाही. ती म्हणजे प्रीफिक्स. या सॉफ्टवेअरच्या फाइल कुठल्या डिरेक्टरीखाली जाऊन बसणार. आजचा अख्खा भाग त्यावर. विषय कोरडा वाटेल, पण यात मी स्वतः चांगला ठेचकाळलोय. तिथूनच सुरुवात करतो.

माझी चूक

एका ऑफिसमधला सर्व्हर माझ्याकडे बघायला होता. उबंटू २२.०४. त्यावर उबंटूचा स्वतःचा पायथन असतो, ३.१०. आम्हाला एका कामासाठी ३.११ हवा होता. म्हटलं, सोर्सवरून बिल्ड करू, त्यात काय. कॉन्फिगर करताना माझ्या डोक्यात सरळ हिशोब: सिस्टिमचा पायथन /यूएसआर/बिन मध्ये असतो, मग नवाही तिथेच गेलेला बरा, म्हणजे सगळ्यांना सापडेल. म्हणून लिहिलं, --प्रीफिक्स=/यूएसआर. मेक झालं. मेक इन्स्टॉलला "परमिशन डिनाइड" आलं, तर काहीही विचार न करता पुढे सुडो लावलं. झालं इन्स्टॉल. पायथन३ टाइप केलं, ३.११ दिसलं. काम सुरू झालं, सगळे खूश.

साधारण तीन आठवड्यांनी एक नवीन रिपॉझिटरी जोडायची होती. ॲड-एपीटी-रिपॉझिटरी चालवलं, तर मॉड्यूल सापडत नाही म्हणून कमांड कोसळली. म्हटलं असेल काहीतरी किरकोळ. थोडं खणलं, तेव्हा पोटात गोळा आला. उबंटूमध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप टाकणारा जो प्रोग्रॅम असतो, अनअटेंडेड-अपग्रेड्स, तोही पायथनमध्येच लिहिलेला आहे. त्याच्या लॉगमधली शेवटची नोंद बरोबर मी हे केलं त्या दिवसाआधीची. म्हणजे तीन आठवडे तो सर्व्हर इंटरनेटवर उघडा होता, सुरक्षेचे अपडेट बंद होते, आणि ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

नशीब, काही घडलं नाही. पण ते नशीबच. माझी हुशारी त्यात काडीची नव्हती.

आता नेमकं झालं काय, ते बघा. पायथनच्या मेक इन्स्टॉलनं /यूएसआर/बिन मध्ये पायथन३.११ ठेवला. इथपर्यंत ठीक. पण त्यासोबत "पायथन३" या नावाची जी लिंक होती, ती ३.१० वरून काढून ३.११ कडे वळवली. उबंटूचे कितीतरी प्रोग्रॅम पहिल्याच ओळीत सांगतात, "मला /यूएसआर/बिन/पायथन३ नं चालव." ते सगळे आता नव्या पायथनकडे गेले. आणि उबंटूची स्वतःची पायथन मॉड्यूल ज्या डिस्ट-पॅकेजेस नावाच्या डिरेक्टरीत असतात, तिकडे मूळ सोर्सवरून बिल्ड केलेला पायथन बघतच नाही. ती डेबियन-उबंटूची स्वतःची सोय आहे. त्यामुळे घरातली माणसं घरातच, पण एकमेकांना ओळखेनाशी झाली.

लिंक परत ३.१० कडे वळवायला एक मिनिट लागलं. पायथन३-मिनिमल हे पॅकेज परत इन्स्टॉल केलं तरी ती पूर्ववत होते. पण पिप३ बदललेला होता, पायथन३-कॉन्फिग बदललेला होता, आणि /यूएसआर/लिब मध्ये हजारो नव्या फाइल पसरल्या होत्या. पायथनच्या मेकफाइलमध्ये "अनइन्स्टॉल" असं काही नसतं. एकेक शोधून काढावं लागलं. शनिवार त्यात गेला.

फाइलचा सातबारा

मग चूक नेमकी कुठली? नवा पायथन बिल्ड केला ही चूक नाही. सुडो लावलं हीसुद्धा पूर्ण चूक नाही. चूक ही की मी दुसऱ्याच्या जमिनीवर बांधकाम केलं.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलचा एक सातबारा असतो म्हणा. उबंटू किंवा डेबियनवर डीपीकेजी -एस आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ द्या, उदाहरणार्थ /यूएसआर/बिन/पायथन३. ते सांगेल की ही फाइल पायथन३-मिनिमल पॅकेजच्या नावावर आहे. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम -क्यूएफ. हा उतारा पॅकेज मॅनेजर सांभाळतो. पुढच्या अपडेटला तो येतो, आपल्या नोंदी बघतो, आणि आपल्या नावावरच्या फाइल बेधडक बदलतो. मध्ये तुम्ही तिथे काही ठेवलं असेल तर त्याच्या दप्तरी त्याची नोंद नाही. तो तुमचं पुसून टाकेल, किंवा तुम्ही त्याचं पुसाल. दोन्हीकडून भांडण.

म्हणून लिनक्सच्या जगात हद्दी आखलेल्या आहेत. १९९४ च्या फेब्रुवारीत लिनक्ससाठी डिरेक्टरींच्या मांडणीचं पहिलं मानक आलं. पुढे त्याचंच फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड झालं, त्याची ३.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यात साधारण असं आहे: /यूएसआर ही डिस्ट्रिब्युशनची जागा. /यूएसआर/लोकल ही त्या मशीनच्या ॲडमिनची जागा, आणि सिस्टिमचं सॉफ्टवेअर अपडेट होताना तिथल्या गोष्टी पुसल्या जाता कामा नयेत. आणि /ऑप्ट ही बाहेरून आणलेल्या, स्वतंत्र गठ्ठ्यासारख्या सॉफ्टवेअरची जागा.

जाता जाता, "यूएसआर" हे नाव यूजरवरून आलंय. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये वापरकर्त्यांच्या होम डिरेक्टरी तिथेच असायच्या. आज तिथे यूजरनं हात लावू नये असं आपण सांगतो. गावं वाढली की वेशी सरकतात, तसं.

तर प्रीफिक्स लिहिणं म्हणजे ही इमारत कुणाच्या सातबाऱ्यावर उभी राहणार ते लिहिणं. पुढचं सगळं त्यातून येतं.

कॉन्फिगर काय ठरवतं

आता थोडं आतलं. ./कॉन्फिगर ही जी स्क्रिप्ट असते ती बहुतेक वेळा ऑटोकॉन्फ या ग्नू प्रकल्पाच्या हत्यारानं तयार झालेली असते. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ते लिहायला घेतलं. तुम्ही प्रीफिक्स दिला नाही, तर ऑटोकॉन्फ गृहीत धरतं /यूएसआर/लोकल. म्हणजे बघा, डिफॉल्ट आधीच शहाणा आहे. मी काही न लिहिता एंटर मारला असता तरी नुकसान बरंच कमी झालं असतं.

प्रीफिक्सखाली झाड उभं राहतं. चालवायचे प्रोग्रॅम बिन मध्ये. ॲडमिननं चालवायचे एसबिन मध्ये. लायब्ररी लिब मध्ये. हेडर फाइल इन्क्लूड मध्ये. मॅन पेज, भाषांतरं, आयकॉन असं सगळं शेअर मध्ये. सेटिंग ईटीसी मध्ये. आणि चालताना बदलणारा डेटा व्हार मध्ये. या प्रत्येकाला कॉन्फिगरमध्ये स्वतःचा ऑप्शन आहे: बिनडिर, लिबडिर, सिसकॉन्फडिर, लोकलस्टेटडिर वगैरे. तुम्ही काही बोलला नाहीत तर सगळे प्रीफिक्सवरून ठरतात. ./कॉन्फिगर --हेल्प केलंत तर ही यादी डिफॉल्टसकट दिसते. ती एकदा शांतपणे वाचा. पाच मिनिटं लागतात.

यात एक गंमत आहे. प्रीफिक्स /यूएसआर दिला, तर सेटिंगची जागा होते /यूएसआर/ईटीसी. पण सेटिंग तर आपण /ईटीसी मध्ये शोधतो! म्हणूनच डिस्ट्रिब्युशनवाले पॅकेज बनवताना प्रीफिक्स /यूएसआर देतात आणि सोबत सिसकॉन्फडिर /ईटीसी आणि लोकलस्टेटडिर /व्हार असं वेगळं सांगतात. लायब्ररीचंही तसंच. ६४ बिटच्या फेडोरावर लिब६४, डेबियनवर लिबच्या आत प्रोसेसरच्या नावाची आणखी एक डिरेक्टरी. हे सगळं त्यांच्या पॅकेजच्या कृतीत लिहिलेलं असतं. आपण फक्त प्रीफिक्स नक्कल करतो, बाकीचं विसरतो, आणि मग सगळं अर्धवट बसतं.

काही सॉफ्टवेअर आपला वेगळा डिफॉल्ट ठेवतात. पोस्टग्रेसचा डिफॉल्ट /यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल. अपाची वेब सर्व्हरचा /यूएसआर/लोकल/अपाची२. एन्जिनएक्सचा /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स. म्हणजे प्रत्येकाचं स्वतंत्र कुंपण, आत त्याचं स्वतःचं बिन, लिब, सगळं. मला ही पद्धत आवडते, का ते पुढे सांगतो.

पण पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. डेटाबेसचा डेटा कुठे राहणार हे कॉन्फिगर ठरवत नाही. ते तुम्ही नंतर इनिटडीबी चालवताना -डी देऊन सांगता. पोस्टग्रेसच्या माहितीपत्रातल्या झटपट कृतीत उदाहरण म्हणून डेटा त्याच पीजीएसक्यूएल डिरेक्टरीच्या आत ठेवलेला आहे. उदाहरण म्हणून ठीक. पण उद्या कुणी "जुनं व्हर्जन काढून टाकू" म्हणून ती अख्खी डिरेक्टरी उडवली, तर प्रोग्रॅमबरोबर डेटाही जाईल. प्रोग्रॅम परत बिल्ड करता येतो. ग्राहकांच्या नोंदी परत बिल्ड करता येत नाहीत. डेटा कायम प्रीफिक्सच्या बाहेर ठेवा.

पत्ता आत कोरला जातो

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि हाच सगळ्यात जास्त चुकतो. पुष्कळांना वाटतं, प्रीफिक्स म्हणजे फक्त फाइल कॉपी कुठे करायच्या त्याचा पत्ता. मग चुकलं तर काय, नंतर एमव्ही करून हलवू.

तसं नसतं. कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये तो पत्ता कंपाइल होतानाच प्रोग्रॅमच्या पोटात कोरला जातो. माझी सेटिंग फाइल इथे आहे, माझी प्लगिन इथे आहेत, माझे भाषांतराचे संदेश इथे आहेत, असं तो प्रोग्रॅम लक्षात ठेवतो. एन्जिनएक्सला -व्ही, मोठं व्ही, देऊन विचारा. तो सांगतो की मला कुठल्या ऑप्शननं कॉन्फिगर केलं होतं, आणि त्यात प्रीफिक्स आणि सेटिंग फाइलचा पाथ दोन्ही दिसतात. तुम्ही फाइल हलवल्यात तरी तो जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो.

पायथन यात थोडा समंजस आहे. तो सुरू होताना आपण कुठे उभे आहोत ते बघून आपली लायब्ररी शोधायचा प्रयत्न करतो. पण त्याच्यासोबत आलेला पिप उघडून बघा. पहिल्याच ओळीत पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. डिरेक्टरीचं नाव बदललंत की पिप मोडला.

मॅकवर होमब्रू वापरणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. इंटेलच्या मॅकवर होमब्रूचं घर /यूएसआर/लोकल, आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर /ऑप्ट/होमब्रू. ते दुसरीकडे टाकता येतं, पण मग तयार बिल्ड केलेली बहुतेक पॅकेज वापरता येत नाहीत, सोर्सवरून बिल्ड करत बसावं लागतं. कारण तेच. पत्ता आत कोरलेला आहे.

म्हणून नियम साधा आहे. प्रीफिक्स बदलायचा असेल तर मेक डिस्टक्लीन करा, परत कॉन्फिगर करा, परत मेक करा. वेळ जातो, पण तो नंतरच्या डोकेदुखीपेक्षा कमीच असतो. "मेक इन्स्टॉल प्रीफिक्स=काहीतरी" असं शेवटच्या पायरीवरही लिहिता येतं, आणि फाइल तिथे जातातही. पण आधी कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमच्या पोटातला पत्ता जुनाच राहतो. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हे जास्त फसवं.

डेस्टडिर म्हणजे टेम्पो

इथे कुणीतरी विचारेल, मग हे डेस्टडिर काय असतं? ते पण जागाच सांगतं ना?

घर बदलताना आपण काय करतो? खोक्यावर लिहितो, "स्वयंपाकघर, वरचा कप्पा." खोकं मात्र आत्ता टेम्पोत असतं. म्हणून काही आपण खोक्यावर "टेम्पो" असं लिहीत नाही. प्रीफिक्स म्हणजे खोक्यावरचं लिखाण, सामान शेवटी कुठे नांदणार ते. डेस्टडिर म्हणजे टेम्पो, आत्ता तात्पुरतं कुठे रचायचं ते.

पॅकेज बनवणारे लोक हेच करतात. प्रीफिक्स /यूएसआर, आणि इन्स्टॉल करताना डेस्टडिर म्हणून एक रिकामी डिरेक्टरी. सगळ्या फाइल त्या डिरेक्टरीच्या आत /यूएसआर/बिन, /यूएसआर/लिब अशा रचल्या जातात. त्याचा गठ्ठा करून .डेब किंवा .आरपीएम फाइल बनते. प्रोग्रॅमच्या पोटात पत्ता मात्र /यूएसआरचाच.

आपल्याला याचा रोजच्या कामात फार छान उपयोग आहे: रंगीत तालीम. खरं इन्स्टॉल करण्याआधी लिहा, मेक इन्स्टॉल डेस्टडिर=/टीएमपी/तालीम. सुडो लागत नाही. मग त्या डिरेक्टरीत फाइंड चालवा. कुठल्या फाइल कुठे जाणार त्याची पूर्ण यादी समोर. ती यादी एका फाइलमध्ये ठेवून द्या. उद्या काढून टाकायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. मी त्या दिवशी ही तालीम केली असती, तर यादीत "/यूएसआर/बिन/पायथन३" हे नाव डोळ्यांसमोर आलं असतं, आणि हात थांबला असता.

एक अट: प्रकल्पाच्या मेकफाइलनं डेस्टडिर पाळायला हवं. ऑटोकॉन्फ-ऑटोमेकवाले बहुतेक पाळतात, पायथनही पाळतो. पण कुणी हातानं लिहिलेली छोटी मेकफाइल असेल तर आधी उघडून बघा, त्यात डेस्टडिर हा शब्द आहे का. नसेल तर तालमीच्या नावाखाली खरा प्रयोगच होऊन जायचा.

मग प्रीफिक्स काय द्यायचा?

माझ्या वापरात तीन उत्तरं आहेत.

पहिलं, मशीन दुसऱ्याचं आहे किंवा सुडो नाही. कॉलेजची लॅब, कंपनीचा सामायिक सर्व्हर. तिथे प्रीफिक्स द्या तुमच्या होम डिरेक्टरीतलं .लोकल. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला त्रास नाही. उबंटूवर .लोकल/बिन ही डिरेक्टरी असेल तर पुढच्या लॉगिनला ती आपोआप पाथमध्ये येते. फक्त एक जपा. होममध्ये इन्स्टॉल करताना सुडो लावू नका, नाहीतर तुमच्याच घरात रूटच्या मालकीच्या फाइल तयार होतात आणि नंतर तुम्हालाच पुसता येत नाहीत.

दुसरं, मशीन तुमचं आहे आणि एकाच सॉफ्टवेअरची दोन-तीन व्हर्जन लागणार आहेत. तेव्हा प्रत्येक व्हर्जनला स्वतंत्र डिरेक्टरी. उदाहरणार्थ, --प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथन-३.११. काढायचं झालं की ती एक डिरेक्टरी पुसली, विषय संपला. माझा शनिवार वाचला असता. मघाशी पोस्टग्रेसची पद्धत आवडते म्हटलं, ते यासाठीच.

तिसरं, सगळ्यांना सहज सापडणारं एकच व्हर्जन हवंय. तर /यूएसआर/लोकल, म्हणजे डिफॉल्टच. इथे ग्नू स्टो नावाचं छोटं हत्यार कामाला येतं. प्रत्येक सॉफ्टवेअर /यूएसआर/लोकल/स्टो च्या आत स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवायचं, आणि स्टो तिथून /यूएसआर/लोकल/बिन वगैरेत लिंक टाकून देतं. काढायचं असेल तर लिंकही तेच उचलतं. कुंपण वेगळं आणि दार समाईक, दोन्ही सोयी.

पायथनपुरती एक खास सूचना. मेक इन्स्टॉल ऐवजी मेक ऑल्टइन्स्टॉल वापरा. ते फक्त "पायथन३.११" या पूर्ण नावानं ठेवतं, "पायथन३" या नावाला हात लावत नाही. /यूएसआर/लोकल मध्ये टाकतानाही हेच करा. कारण उबंटूच्या पाथमध्ये /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिन च्या आधी येतं. तिथे "पायथन३" नावाची फाइल आली, की पायथन३ टाइप करणाऱ्या प्रत्येकाला नकळत नवा पायथन मिळायला लागतो.

इन्स्टॉल झालं, तरी सापडत नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू. "जुनंच व्हर्जन चालतंय." आधी टाइप -ए आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव असं करून बघा. पाथमध्ये तो प्रोग्रॅम कुठे कुठे आहे ते क्रमानं दिसतं. नवा यादीत नसेल तर त्याची बिन डिरेक्टरी पाथमध्ये जोडा. आहे, तरी जुनाच चालतोय? तर बॅश शेलनं जुनी जागा लक्षात ठेवली असेल. हॅश -आर करा, किंवा नवीन टर्मिनल उघडा.

दुसरी तक्रार: "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल." प्रोग्रॅम सापडला, पण त्याची लायब्ररी सापडली नाही. लायब्ररी पाथमध्ये शोधली जात नाही, तिची वेगळी यादी असते. डेबियन-उबंटूवर /यूएसआर/लोकल/लिब त्या यादीत आधीपासून असतं, फक्त इन्स्टॉलनंतर सुडो एलडीकॉन्फिग चालवून यादी ताजी करायची. फेडोरावर ते यादीत नसतं. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाइल टाकून ती डिरेक्टरी लिहायची, मग एलडीकॉन्फिग. आणि तुमची लायब्ररी होम किंवा /ऑप्ट मध्ये असेल तर बिल्ड करतानाच आरपाथ द्यावा, म्हणजे लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅमलाच सांगून ठेवावा. एलडी_लायब्ररी_पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तात्पुरत्या चाचणीपुरता ठीक, पण कायमचा प्रोफाइलमध्ये टाकू नका. तो त्या शेलमधून चालणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होतो, आणि भलत्याच प्रोग्रॅमला भलतीच लायब्ररी मिळते.

तिसरी तक्रार, एका सॉफ्टवेअरवर दुसरं बिल्ड करताना "अमुक पॅकेज सापडलं नाही." तिथे पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये तुमच्या प्रीफिक्सखालची लिब/पीकेजीकॉन्फिग ही डिरेक्टरी द्या.

सीमेक आणि मेसॉन वापरणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. कल्पना तीच, शब्द वेगळे. सीमेकमध्ये सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स, मेसॉनमध्ये --प्रीफिक्स, आणि लिनक्सवर दोघांचाही डिफॉल्ट /यूएसआर/लोकल. सीमेकची एक खोड लक्षात ठेवा: बिल्ड डिरेक्टरीत चालणारा प्रोग्रॅम इन्स्टॉल झाल्यावर लायब्ररी सापडत नाही म्हणतो. कारण सीमेक इन्स्टॉल करताना बिल्डच्या वेळचा आरपाथ काढून टाकतं. हवा असेल तर सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ मध्ये वेगळा सांगावा लागतो.

एंटर मारण्याआधी

शेवटी, माझ्या त्या शनिवारनंतर मी स्वतःला लावलेली सवय सांगतो. प्रीफिक्स लिहिण्याआधी तीन प्रश्न. या जागेचा मालक कोण, मी की पॅकेज मॅनेजर? हे काढून टाकायचं ठरलं तर काय पुसायचं ते मला सांगता येईल का? आणि माझ्यानंतर हे मशीन सांभाळणाऱ्याला हे कसं कळेल?

तिसऱ्या प्रश्नासाठी फार काही लागत नाही. कॉन्फिग.लॉग या फाइलच्या सुरुवातीलाच तुम्ही दिलेली कॉन्फिगरची पूर्ण ओळ असते. बिल्ड डिरेक्टरीत ./कॉन्फिग.स्टेटस --कॉन्फिग केलंत तरी सगळे ऑप्शन मिळतात. ते, तारीख, आणि कशासाठी बिल्ड केलं त्याची एक ओळ, एवढं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून प्रीफिक्सच्या आत ठेवून द्या. दोन वर्षांनी ती फाइल उघडणारे बहुतेक तुम्हीच असाल, आणि तुम्हाला काही आठवत नसेल.

आणि "परमिशन डिनाइड" आलं तर लगेच सुडो लावू नका. ते मशीन तुम्हाला विचारतंय, "ही जागा तुमची आहे का?" त्या दिवशी मलाही विचारलं होतं. मी उत्तर न देता दार ढकललं. एकदा थांबून प्रीफिक्स परत वाचा. जागा खरंच तुमची असेल, /ऑप्ट किंवा /यूएसआर/लोकल असेल, तर खुशाल सुडो लावा.

या वेळचा गृहपाठ: तुमच्या मशीनवर /यूएसआर/लोकल/बिन मध्ये काय काय पडलंय ते बघा. एकेका फाइलवर डीपीकेजी -एस किंवा आरपीएम -क्यूएफ चालवा. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या किती निघतात, आणि त्यातल्या कितींबद्दल तुम्हाला आठवतंय की हे मी का टाकलं होतं, ते मोजा. मग मला कळवा.

पुढच्या भागात याच फाइलचा नीट .डेब गठ्ठा कसा बनवायचा ते बघू, म्हणजे सातबाऱ्यावर नावच चढेल. तोपर्यंत सुडो जपून वापरा. भेटू. नमस्कार.